ऑपरेशन झालं, पण फोडणीचा वासच येत नाही

प्रश्न : डॉक्टर, मी सांगलीहून लिहितेय, वय ३६. नाकाचं हाड वाढलेलं होतं, रात्रभर तोंडाने श्वास घ्यायचे. शेवटी महिन्याभरापूर्वी ऑपरेशन केलं. नाकाच्या मधला पडदा सरळ केला आणि टर्बिनेट (नाकाच्या आतल्या बाजूचे फुगीर उंचवटे) लहान केले असं सांगितलं. श्वास बराच मोकळा झालाय पण वास काहीच येत नाही. परवा गॅसवर दूध करपलं, मी शेजारीच कणीक मळत होते, सासूबाई बाहेरच्या खोलीतून धावत आल्या तेव्हा कळलं. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी काही नाही, विक्स लावलं की मात्र झोंबतं. वास कायमचा गेला का?

उत्तर : ताई, बहुतेक नाही. एका महिन्यात कायमचा गेला असं कुणीच म्हणू शकत नाही, त्यामुळे आधी ती भीती जरा बाजूला ठेवा.

वास ओळखणारी जागा नाकात अगदी वर असते, दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या छताला, दोन्ही बाजूंना एकेका नाण्याएवढी. तिथल्या नसांचे तंतू चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून थेट मेंदूकडे जातात. तुमचं ऑपरेशन झालं ते मुख्यतः याच्या खाली, पडद्यावर आणि खालच्या टर्बिनेटवर. आता गंमत बघा, साधा श्वास घेताना आत जाणाऱ्या हवेतली जेमतेम १०-१५ टक्के हवा त्या छतापर्यंत पोचते, म्हणून तर फोडणीचा वास नीट घ्यायचा तर आपण हुंगतो. त्यात ऑपरेशननंतर आत सूज, वाळलेलं रक्त, खपल्या, घट्ट शेंबूड, म्हणजे खालून श्वासाचा रस्ता मोकळा झाला तरी वरची फट बंदच. ही सूज पूर्ण उतरायला दोन-तीन महिने सहज लागतात. विक्स झोंबतं ते वासाच्या नसेमुळे नाही, चेहऱ्याच्या संवेदनेची वेगळी नस असते तिच्यामुळे, त्यामुळे विक्स कळतं म्हणून वास आहे असंही नाही आणि हिंग कळत नाही म्हणून वासाची नस मेली असंही नाही.

खरंच नसेला धक्का बसून वास कायमचा जाणं हे होतं, पण शंभरात एखाद्याला, आणि ऑपरेशन नीट झालेलं असूनही होऊ शकतं. एक गोष्ट मला मनापासून खटकते, नाकाच्या ऑपरेशनआधी पेशंटला वास किती येतो हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तपासलंच जात नाही. ओळखीचे चार वास डोळे मिटून ओळखायला सांगायला पाच मिनिटं लागतात. कित्येकांचा वास सर्दीने, कोविडने किंवा बरीच वर्षं नाक चोंदल्यामुळे आधीच कमी झालेला असतो, आणि मग ऑपरेशननंतर सगळा दोष त्यावर येतो. तुम्हाला आधी किती यायचा ते आठवून लिहून ठेवा, पुढच्या तपासणीत उपयोगी पडेल.

आता करायचं काय. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा आणि दुर्बिणीतून आत बघायला सांगा, खपल्या असतील तर ते साफ करतील, स्वतः बोट घालून काढू नका. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू ठेवा, पण पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं कच्चं पाणी नाकात नको. झिंक असलेली नाकात घालायची जेल कुणी सुचवली तर घेऊ नका, तिच्यामुळेच वास गेलेले लोक आहेत.

आणि वासाचा व्यायाम सुरू करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉ. थॉमस हुमेल यांच्या टीमने २००९ मधे तो मांडला, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी या चार वासांवर, आणि हे चारही आपल्या घरात सापडतात. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली १५-२० सेकंद हळूहळू हुंगायची, जोरात ओढायचं नाही, आणि त्या वेळी ती वस्तू मनात आणायची, म्हणजे लवंग हुंगताना मसालेभाताचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. कमीत कमी १२ आठवडे. पहिले काही आठवडे काही जाणवणार नाही, तरी सोडू नका. वासाच्या पेशी मरून नव्या येत राहतात, शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना हे जमतं, त्यांना वेळ द्यावा लागतो. परत येताना वास विचित्र येऊ शकतो, कॉफी जळल्यासारखी, कांदा कुजल्यासारखा, घाबरू नका, बऱ्याचदा नसा जुळत असल्याची ती खूण असते.

तोवर स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर बसवाच. सिलेंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि तेच आत्ता तुम्हाला कळणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट असं काही टपटप गळलं, किंवा तापाबरोबर डोकं जाम दुखलं, तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय ५२, कुडाळ. नाकात पॉलिप (सुजेमुळे वाढलेल्या मऊ गाठी) आहेत, दोन वर्षं वास जवळजवळ नाहीच. दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. उरलासुरला वासही जाईल का?

उत्तर : दादा, तुमचं उलट आहे. पॉलिप त्या वरच्या फटीतच अडकून बसतात, ते काढले की पुष्कळांचा वास सुधारतो. पण मूळची सूज ऑपरेशनने जात नाही, स्प्रे आणि नाक धुणं नंतरही लांब चालवावं लागतं, नाहीतर पॉलिप परत येतात. दमा असेल किंवा वेदनाशामक गोळीने धाप लागत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, अशांना ते लवकर उलटतात. आणि एक आठवा, स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स कधी घेतला असेल तर त्या दिवसांत वास आला होता का? आला असेल तर नस शाबूत आहे, फक्त रस्ता बंद आहे.