व्यायामासाठी जास्त टिकणारे वायरलेस इअरफोन कोणते घ्यावेत?

रोज तासभर जिम, शनिवार-रविवार पळणं, बजेट तीन हजार, आणि खोक्यावर ‘40 तास बॅटरी’ लिहिलेले बड्स (दोन सुटे इअरफोन) घेऊ की नेकबँड (गळ्यात घालायचा, वायरने जोडलेला), असं तुम्ही विचारलंय. माझं साताऱ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी स्वतः पळतो, म्हणून सरळ सांगतो: नेकबँड घ्या. घामात वापरायचं असेल तर बड्सच्या नादी लागू नका. खाली जरा लांबलंय, कारण याच विषयावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आधी ते 40 तास. ते बड्सचे नसतात, बड्स ठेवून चार्ज करायच्या डबीसकट धरलेले असतात. बड एका चार्जिंगला पाच-सात तास चालतो. त्यातला सेल करंगळीच्या नखाएवढा, साधारण तीस ते साठ एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप). बाकीचे तास डबीच्या बॅटरीतून येतात. तुमचा व्यायाम एक तासाचा. मग 20 काय आणि 40 काय, तुम्हाला फरक काय पडणार? दोन वर्षांनी बॅटरी निम्मी झाली तरी तास-दोन तास आरामात निघतात. व्यायाम करणाऱ्यांचे बड्स माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक वेळा घामाने मेलेले असतात, बॅटरीची पाळी आलेलीच नसते.

आता आमचे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्यात आयटीत, मानाने मोठे. आमच्याकडची हिल हाफ मॅरेथॉन तुम्हाला माहीत असेल. शहरातून निघायचं, यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि माघारी, एकूण 21 किलोमीटर. एका वर्षी साडूंनी नाव नोंदवलं आणि घाटाचा सराव करायला ऑगस्टात आमच्याकडे मुक्कामाला आले. कानात सोळा हजारांचे बड्स. माझा नेकबँड बघून म्हणाले, “अजून हे दावं गळ्यात बांधून फिरता?” बायको हसली, मेहुणी हसली, मीही हसलो. पाहुण्यांपुढे काय बोलणार?

सकाळी घाटात गेलो. भुरभुर पाऊस, वर धुकं, अंगावर घाम कुठला आणि पाऊस कुठला ते कळत नव्हतं. परत आल्यावर साडूंनी सोफ्यावर बसून बड्स काढले, कशाला न पुसता डबीत टाकले, टक्कन झाकण लावलं आणि डबी चार्जिंगला लावली. मी म्हटलं, “साडूभाऊ, ओले आहेत, पुसून जरा वाळू द्या.” तर म्हणतात, “अहो, वॉटरप्रूफ आहेत ते, खोक्यावर लिहिलंय.” बायकोने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

तर खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते सांगतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण ते मला ऐकवतो. आयपीएक्स4 म्हणजे चारी बाजूंनी पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतं. आयपीएक्स5 म्हणजे पाण्याची धार चालते. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी केलेली नाही किंवा जाहीर केलेली नाही. आणि 7 आहे म्हणजे 5 आपोआप आलं असंही नाही, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. हे सगळं नव्या कोऱ्या वस्तूवर, गोड्या पाण्यात तपासलेलं असतं. घाम खारट आहे. शिवाय बऱ्याचदा तो आकडा फक्त बडचा असतो, डबीला काहीच संरक्षण नसतं. माझ्या मते ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानदाराला बोलायला बंदीच पाहिजे.

नुकसान होतं ते डबीत. बडच्या पोटाला दोन-तीन चकत्या असतात आणि डबीच्या खड्ड्यात तेवढ्याच बारीक पिना. त्या पिनांना करंट आहे. मध्ये खारट थेंब सापडला की प्लसची पिन आधी खाल्ली जाते. सोनेरी मुलामा जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि त्यावर हिरवा थर चढतो. कानात असताना घामाने जेवढं बिघडत नाही, तेवढं झाकण लावल्यावर बिघडतं.

पुढच्या खेपेला साडू आले तेव्हा उजवा बड चार्जच होत नव्हता. भिंगाखाली धरला. बड वरून चकचकीत. डबीत टॉर्च मारला तर उजव्या खड्ड्यातली एक पिन बुडाशी हिरवी, आणि दाबली की खालीच अडकून राहायची, स्प्रिंग उचलत नव्हती. आयपीए (सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून मऊ ब्रशने पुसली, थोडी हलली, पण पकड घेईना. मी म्हटलं, वॉरंटीत आहे, आता याला कुणी हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांनी दिले. तिथे ‘लिक्विड डॅमेज’ म्हणून हात वर केले. इथपर्यंत ठीक आहे, असंच होतं. पण घरी येऊन साडू सासूबाईंना काय म्हणाले? “साताऱ्यात उघडून बघितले होते ना, म्हणून वॉरंटी गेली.”

तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला हा विषय निघतो. मिक्सर बिघडला तरी सासूबाई म्हणतात, “नको, जावयांना दाखवू नका, कंपनीत देऊ.” धंदा दुरुस्तीचा आणि सासरी ही अब्रू.

म्हणून हे लिहून ठेवतो. बड उघडणं सोपं नसतं. दोन कवचं गोंदाने चिकटवलेली असतात. गरम करायची, जोडात पातळ पातं घालायचं, आणि कितीही हात साफ असला तरी जोडावर ओरखडा राहतो. आत बटनासारखा सेल असतो, बऱ्याच बड्समध्ये 1254 नावाचा, म्हणजे 12 मिलिमीटर व्यास आणि 5.4 मिलिमीटर जाडी. तो बदलता येतो, पण एकदा उघडलं की पाणी अडवणारं सील गेलंच. असला उद्योग मी दुसऱ्याच्या सोळा हजारांच्या वस्तूवर वॉरंटीत करीन? त्यांच्या बडच्या जोडाला नखसुद्धा लागलेलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही ओलावा आणि गंज एवढंच लिहिलं होतं, उघडल्याची खूण असा शब्द नाही. तो कागद साडूंकडेच आहे. दाखवा म्हटलं की सापडत नाही.

आणि माझं ‘दावं’ अजून चालू आहे. मध्ये बॅटरी उतरली तेव्हा नेकबँडच्या एका टोकाचं कवच उघडलं, आतला चपटा सेल काढला, त्याच मापाचा नवा टाकला, दोन टाके सोल्डरचे, परत बसवला. बड्सच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ. नेकबँडचा फायदा हाच. सेल मोठा, शंभर-दोनशे एमएएचचा, त्यामुळे एका चार्जिंगला खरोखर वीस-तीस तास निघतात आणि रोज चार्जिंग होत नाही. ओल्या पिनांची डबीच नाही. पडला तर गळ्यातच राहतो. घाटात एक बड गटारात गेला की दुसऱ्याचं काय करणार, लोणचं?

त्याचेही दोष आहेत. वायर जिथे कानाच्या टोकात शिरते तिथे ती तुटते, म्हणून काढताना वायर ओढू नका, टोक धरा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण फाटलं की घाम आत जातो. चार्जिंगला लावण्याआधी भोक कोरडं आहे ना बघा. जिममधून निघाल्यावर गाडीच्या डिकीत टाकून ऑफिसला जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये डिकीतल्या उष्णतेने कुठलीही लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. आवाज कमी झाला म्हणून नवीन घेण्याआधी जाळीतला मळ बघा. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

नाव पाहिजे असेल तर वनप्लसचा बुलेट्स वायरलेस झेड2 बघा. 2022 साली आला तेव्हा दोन हजारांच्या आत होता, 30 तास आणि आयपी55 (पहिला 5 धुळीचा, दुसरा पाण्याचा). आता तो नाही मिळाला तर नवीन काय आहे ते बघा, पण आयपी55 आणि टाइप-सी चार्जिंग या दोन गोष्टी सोडू नका. ड्रायव्हर, म्हणजे आतला बारका स्पीकर, किती मिलिमीटरचा वगैरे सोडून द्या. कानात नीट बसणारं रबर आवाजात त्याहून जास्त फरक पाडतं. सोबत येणारी तिन्ही मापं लावून बघा, दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तरी लाजू नका.

आता ज्यांना माझं पटणार नाही त्यांच्यासाठी. बेंच प्रेसला आडवं झाल्यावर नेकबँड मानेखाली टोचतो, हे खरं आहे. फक्त एसी जिममध्ये वजनं मारत असाल आणि पुसून, वाळवून ठेवायची शिस्त असेल, तर बड्स घ्या, कानामागे अडकवायचा हूक असलेले घ्या. रस्त्यावर पळत असाल तर कान उघडे ठेवणारे, हाडातून आवाज पोचवणारे बोन कंडक्शनवाले सगळ्यात चांगले, शॉक्झच्या ओपनरनला आयपी67 आहे, पण ते तुमच्या बजेटमध्ये बसत नाहीत. तोवर रस्त्यावर एकच कान वापरा. सप्टेंबरात कासला जाणाऱ्या गाड्या वळणावर कशा येतात ते मी रोज बघतो. पोहायला यातलं काहीच नाही, पाण्याखाली ब्लूटूथ पोचतच नाही. त्यासाठी गाणी स्वतःत साठवणारे वेगळे मिळतात.

आवाजही आवरा. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब 80 डेसिबल आणि आठवड्याला 40 तासांचा आहे, त्यावर आवाज चढला की तास झपाट्याने कमी होतात. आणि कान ओले असताना तासन्‌तास रबर कोंबून बसू नका, कानात बुरशी होते. खाज सुटली तर माझ्याकडे नाही, कानाच्या डॉक्टरकडे जा.

बिल आणि खोकं जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर आमच्यासारख्या दुकानदाराला पिन पुसायलासुद्धा देऊ नका, आधी कंपनीत जा. मी तर आता नातेवाइकांची वस्तू भिंगाखाली घेतच नाही.