पगार बरा, टीम बरी, तरी कामात मन लागत नाही

“पगार वेळेवर होतो, मॅनेजर ओरडत नाही. तरी सोमवार नकोसा वाटतो. माझ्यातच काही खोट आहे का?” आयटीतल्या माणसांकडून हा प्रश्न हमखास येतो. हिंजवडीतल्या, बँकेच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्ट प्रोजेक्टवरची एक तिशीतली मुलगीही हेच विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी तिच्या कामाची फोड केली. दिवसाला पंधरा-वीस तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी. लॉग (सिस्टिमने ठेवलेली नोंद) बघायचा, ठरलेली स्क्रिप्ट चालवायची, दोष कोडमध्ये असेल तर डेव्हलपमेंट टीमकडे पाठवायचा, तिकीट बंद. दोष पुढे दुरुस्त झाला का, बँकेच्या शाखेत अडकलेला व्यवहार सुटला का, हे तिला कधीच कळत नाही. एसएलए, म्हणजे तिकीट सोडवण्याची ठरलेली मुदत, चुकली तरच मेल येतो.

हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले: कौशल्यांची विविधता, काम आरंभापासून शेवटापर्यंत हातात असणं, त्याचं महत्त्व, स्वायत्तता आणि कामातूनच मिळणारी पावती, म्हणजे काम कसं झालं हे कळणं. प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. पहिल्या तिघांच्या सरासरीला उरलेल्या दोघांनी गुणायचं. तिचे आकडे ३, २, ४, मग २ आणि २. महत्त्वाला ४ देताना ती अडखळली, “बँकेचं काम आहे, म्हणजे महत्त्वाचं असणारच ना?” गुणाकार आला १२, कमाल ३४३ पैकी. (हे काटेकोर मोजमाप नव्हे, पण दुखणं कुठे आहे ते दिसतं.)

कंटाळा आला म्हटलं की मॅनेजर बहुधा आणखी एका ॲप्लिकेशनची तिकिटं देतो. त्याने विविधता ३ वरून ५ झाली तरी १२ चे जेमतेम १५ होतात. स्वायत्तता आणि पावती ४ वर नेली तर ४८.

म्हणून तिने सहा आठवड्यांच्या प्रयोगासाठी मॅनेजरकडे एका पानाचा प्रस्ताव दिला: वारंवार येणारी एक अडचण मूळ कारणापासून रिलीजपर्यंत (दुरुस्ती वापरात येईपर्यंत) तिच्याकडे, कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीचा ॲक्सेस, आणि शाखेशी थेट बोलण्याची मुभा. मॅनेजरने होकार दिला, पण रोजची तिकिटं तेवढीच ठेवली. ती रात्री उशिरापर्यंत बसू लागली आणि प्रयोग कोसळायला आला. तिकिटांचा कोटा एक-तृतीयांशाने उतरवल्यावर गाडी रुळावर आली. नवं काम देताना जुनं काढलं नाही, तर काम समृद्ध करण्याच्या नावाखाली निव्वळ ओझं वाढतं.

तोवर तिला नोकरीत धरून ठेवलं होतं ते गृहकर्जाच्या हप्त्याने आणि ९० दिवसांच्या नोटीस पिरियडने. अशी बांधिलकी माणसाला खुर्चीत बसवते, कामाशी जोडत नाही.

झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, सुटीतही कशात रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. आणि मॅनेजर नाहीच म्हणाला, तर पुढच्या मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: काम कोण वाटतं, रिलीजच्या वेळी कोण हजर असतं, वापरणाऱ्यांचं म्हणणं माझ्यापर्यंत कसं पोहोचेल?