पर्ची आली नाही, उमेदवार पटत नाहीत, नाव जुन्या पत्त्यावर. तरी मतदानाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मतदान उद्यावर आलंय, पण मन होत नाही. राहायला सुदामा नगरात आलात, नाव मात्र यादीत जेल रोडच्या जुन्या घरावरच आहे. मतदार पर्ची (केंद्राची माहिती देणारी चिठ्ठी) आली नाही, उमेदवार एकही पटत नाही, आणि घरात सगळे म्हणतात की इंदूरचा निकाल आधीच ठरलेला असतो.

जा. मी हे ठामपणे सांगतोय, कारण "मन नाही" यात बराचसा भाग "कुठे जायचं, काय न्यायचं, परत पाठवलं तर?" या धास्तीचा असतो. ती धास्ती आज रात्री अर्ध्या तासात मिटते.

आधी निकालाचं बघू. २००९ ची लोकसभा आठवा. सुमित्राताई महाजन इंदुरातून १९८९ पासून सतत जिंकत आलेल्या, तरी त्या वेळी फरक उरला फक्त ११,४८० मतांचा. २०१८ च्या विधानसभेत इंदूर-५ ची जागा १,१३३ मतांच्या फरकाने ठरली, आणि तिकडे ग्वाल्हेर दक्षिण तर १२१ मतांनी. १२१ म्हणजे एका गल्लीतली, दुपारी झोपून राहिलेली माणसं.

उमेदवार पटत नाहीत, हे कारण मात्र खरं आहे आणि त्याला मान द्यायला हवा. त्यासाठी मशीनवर सगळ्यात शेवटचं बटण नोटाचं, म्हणजे "यांपैकी कुणीही नाही" याचं असतं. २०२४ मध्ये मुख्य विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर इंदुरात नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. विजयी उमेदवाराला १२ लाखांवर मतं होती. नोटाला कितीही मतं पडली तरी निवडून येतो तो सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवारच, हे माहीत असू द्या. तरी ती नाराजी आकड्यात नोंदली जाते. घरी बसलेल्याची नाराजी कुठेच नोंदली जात नाही. त्याने कंटाळा केला की तो गावाला गेला होता, हेही कुणाला कळत नाही. पण नोटा ठरवण्याआधी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर उमेदवारांची शपथपत्रं उघडा: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, चालू असलेले खटले, सगळं त्यात असतं. यादीच्या तळाशी असलेल्या अपक्षांचीही वाचा, ती सहसा कुणी उघडत नाही.

आता नावाचं. पर्ची न येणं म्हणजे नाव नसणं नव्हे. पर्ची फक्त माहितीसाठी असते, ओळखपत्र म्हणून ती चालतही नाही. मतदार सेवा पोर्टलवर मतदार कार्डाचा नंबर, म्हणजे तीन अक्षरं आणि सात आकडे, टाकून शोधा, नाहीतर १९५० ला फोन लावा. नावाने शोधत असाल तर आपल्या मराठी लोकांची हमखास फसगत होते ती इथे: इथल्या याद्या हिंदीत आहेत आणि हिंदीच्या लिखाणात ळ नाही. काळे हे काले असतात, गोखले सुखरूप राहतात, पण गोळे गोले होतात. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर माहेरच्या नावानेही बघा, आणि नातं या रकान्यात वडिलांचं नाव आहे की पतीचं तेही तपासा. अक्षराची अशी चूक असली तरी ओळख पटत असेल तर मत अडत नाही.

नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र असलेल्या शाळेचं नाव. कागदावरच, कारण मोबाइल केंद्रात नेता येत नाही आणि फोनमधला स्क्रीनशॉट नेमका तिथेच कामाला येत नाही. मत जेल रोडच्याच केंद्रावर पडेल, सुदामा नगरात नाही. नाव यादीतच नसेल, तर मात्र कार्ड हातात असूनही मत देता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशात याद्यांचं विशेष सघन पुनरीक्षण, म्हणजे यादीची नव्याने कसून तपासणी झाली, त्यात घर बदललेल्या बऱ्याच लोकांची नावं वगळली गेली. म्हणून हे आजच बघा. नगर निगमची निवडणूक असेल तर यादी वेगळी, वॉर्डाप्रमाणे केलेली असते. ती राज्य निवडणूक आयोगाकडे बघावी लागते.

मतदार कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक यांपैकी एक चालतं. मूळ प्रतच न्या.

सकाळी सातला दार उघडतं. उन्हाळा असेल तर नऊच्या आत जा, अकराला शाळेच्या अंगणात सावली उरत नाही. एका शाळेत चार-पाच केंद्रं असतात आणि लोक चुकीच्या रांगेत अर्धा तास उभे राहतात. दारावर लिहिलेला भाग क्रमांक आपल्या कागदाशी जुळवूनच उभ्या राहा. जुळत नसेल तर बाहेर बीएलओच्या (यादी सांभाळणाऱ्या बूथ अधिकाऱ्याच्या) टेबलावर विचारा.

आत पहिला अधिकारी नाव शोधून मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या तर्जनीवर नखापासून खाली शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो, चिठ्ठी देतो. तुमच्या नावापुढे "स्थलांतरित" अशी खूण असेल तर ओळखपत्र नीट तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात. घाबरू नका, ती रीतच आहे. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन मशीन सुरू करतो. आडोशाला गेल्यावर हिरवा दिवा लागलेला बघा, मग उमेदवारासमोरचं निळं बटण पूर्ण दाबा. लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग लांब बीप वाजते. बटण अर्धवट दाबून माणसं निघून जातात आणि मत नोंदलंच जात नाही. बीप कानावर पडेपर्यंत तिथेच थांबा.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं, असं सांगितलं तरी परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवून "टेंडर्ड मत" मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.

काम आडवं येत असेल तर मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, खासगी कंपनीतही आणि रोजंदारीवरही. अगदीच उशीर झाला तर संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेत असलात तरी पुरे: शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, आणि चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाला मत देता येतं.

परत आल्यावर पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरा, म्हणजे पुढच्या वेळी नाव सुदामा नगरच्या यादीत असेल.