व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसल्याने खरंच फायदा होतो का?

होतो, पण मर्यादित. स्नायूंची दुखरी जाणीव एक-दोन दिवस कमी होते. 'प्रतिकारशक्ती वाढते, चरबी वितळते' या दाव्यांमागे पुरावा तोकडा आहे.

पाणी १० ते १५ अंश सेल्सिअस, वेळ १० मिनिटं, कमरेपर्यंत. पहिल्यांदा २-३ मिनिटंच. थर्मामीटर हवाच, हाताचा अंदाज फसतो. नळाचं पाणी २७ अंश असेल, तर १०० लिटर १५ अंशांवर आणायला साधारण १३ किलो बर्फ लागतो. फ्रीजमधल्या दोन ट्रेंनी काही होत नाही!

वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील, तर लगेच बर्फात बसू नका. स्नायू बांधण्याची प्रक्रियाच त्याने मंदावते. स्पर्धा लागोपाठ असतील तेव्हा मात्र उपयोगी.

खरा धोका पहिल्या मिनिटाचा. थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. म्हणून उडी नको, हळूहळू उतरा, डोकं बाहेर ठेवा, शेजारी कोणीतरी असू द्या. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा थंडीने बोटं पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाहेर आल्यावर लगेच कडकडीत पाण्याने अंघोळ करू नका, भोवळ येते. अंग पुसून कोरडे कपडे घाला.

नुसता घोटा मुरगळला असेल, तर टब कशाला? बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं धरा.