निळा स्क्रीन वेगळा, खटकन अंधार वेगळा

प्रश्न : महालात माझं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तूच्या पत्रिका, दुकानांची बिलबुकं. मशीन २०१८ ची, आय-फाइव्ह, आठव्या पिढीची. ग्राफिक्स कार्ड नाही. आठ जीबी रॅम होती, दिवाळीत आणखी आठची टाकून घेतली. तेव्हापासून मशीन त्रास देऊन राहिली. कधी निळा स्क्रीन येतो, दरवेळी मजकूर वेगळा. कधी काहीच न दाखवता खटकन बंद पडते आणि आपोआप सुरू होते. हे उन्हाळा लागल्यापासून, तेही दुपारीच. दुकानदारानं दोनदा फॉरमॅट मारलं, फरक शून्य. आता म्हणतो मदरबोर्ड गेला, सात हजार लागतील. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं म्हणून भाचा म्हणतो एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदल. कोणाचं ऐकू? सीझन तोंडावर आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तूर्तास दोघांचंही नको. तुमच्या पत्रात मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतात, आणि त्या एकाच खात्यात टाकल्यामुळे सगळा घोळ झालाय. निळा स्क्रीन येतो तेव्हा काहीतरी बिनसल्याचं विंडोजला कळलेलं असतं. निदान तेवढं सांगून मरायला तिला वेळ मिळतो. खटकन अंधार होतो तेव्हा तिला पत्ताच नसतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढंच सांगतं की मागच्या खेपेला मशीन नीट शट डाउन झाली नव्हती. तुम्ही भिंतीतला प्लग उपटला तरी हीच नोंद पडेल. भाच्याचा तर्क चुकीचाच असेल असं नाही, पण पुरावा म्हणून ही नोंद कामाची नाही.

आधी निळा स्क्रीन घेऊ. दरवेळी मजकूर वेगळा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. एखादा ड्रायव्हर (सुटा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बिघडला तर तो बहुतेक वेळा तेच ते रडगाणं गातो. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या भलतंच काही, असं असेल तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. त्यात दिवाळीला रॅमची नवी स्टिक (पट्टी) बसली आणि त्यानंतर दुखणं सुरू झालं. दुकानदारानं हे विचारलं तरी का? नवी ३२०० वेगाची आणि जुनी २६६६ ची असली तरी हरकत नाही, दोन्ही कमी वेगावर जुळवून घेतात. पण नवी स्टिकच सदोष असू शकते, नीट बसलेली नसू शकते, किंवा ज्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसवली तो इतकी वर्षं रिकामा राहून धुळीनं भरलेला असू शकतो.

मेमटेस्ट८६ प्लस नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. भाच्याला तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर टाकायला सांगा आणि मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. विंडोज त्यात येतच नाही, म्हणून हा निकाल स्वच्छ. रात्री जेवणं आटोपली की लावून द्यायचं आणि सकाळी बघायचं. पहिली फेरी बिनचूक गेली म्हणून बंद करू नका, काही चुका स्टिक तापल्यावरच वर येतात. आणि एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. ‘दोन-चार चालतात’ असं कोणी म्हटलं तर त्याच्या हाती मशीन देऊ नका.

चूक निघाली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. मग जी पास झाली ती दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटपाशीच थांबते, एवढंच बघायचंय. स्टिक काढण्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सोनेरी दातांवर काळपट रेघ दिसली तर खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि भुगा झटकून टाका. स्लॉटमध्ये तो जाता कामा नये. स्टिक परत बसवताना दाबून ‘टक्’ आवाज यायला हवा. नव्या स्टिकचं बिलही शोधून ठेवा, रॅमवर बऱ्याच कंपन्या लांबलचक वॉरंटी देतात.

आता दोनदा फॉरमॅट मारूनही फरक का पडला नाही, ते बघा. खराब रॅमवर विंडोज टाकली तर डिस्कवर उतरणाऱ्या फाइलीच बिघडलेल्या उतरू शकतात. रॅम तपासण्याआधी फॉरमॅट मारणं म्हणजे गळक्या बादलीत दुसऱ्यांदा पाणी भरणं. बॅकअपचंही तेच. तुमच्या कोरल ड्रॉच्या फाइली कॉपी करताना वाटेत बिघडल्या तरी स्क्रीनवर ‘कॉपी झाली’ असंच दिसतं. म्हणून आधी खात्रीची एक स्टिक ठेवा, मग बॅकअप घ्या आणि चार फाइली उघडून बघा.

दुसरी तक्रार दुपारची. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि महालातल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. कामाचा भार तोच असेल तर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच वर राहतो. जानेवारीत खोली २५ असताना तो ६५ वर असेल, तर खोली ४० झाली की ८० च्या आसपास जाणार. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकून दुपारी आकडे बघा. मात्र प्रोसेसर फार तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, माउस अडखळतो, आणि अगदीच टोकाला मशीन बंद होते. तुमची मशीन रखडल्याशिवाय जाते का, हे लक्ष देऊन पाहा. रखडत असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चारही प्लॅस्टिकच्या पिना बोटानं हलवून बघा. एक जरी उचकटलेली असली तरी हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) तिरका बसतो. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट सुकलेली असणारच, ती बदलून घ्या.

न रखडता जात असेल तर भाचा बरोबर असण्याची शक्यता वाढते. एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरना उष्णता खाते. दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. त्याचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असेल, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं असेल तर त्या लाइनवर प्रत्यक्षात १६८ वॅटच मिळतात. तुमच्या मशीनला तेवढे पुरतात, पण अशा लेबलावर माझा फार भरवसा नाही. पिवळ्या वायरवर मल्टीमीटर लावला तर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. आकडा बरोबर आला म्हणून मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण झटक्यात होणारी घसरण मीटर दाखवत नाही. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस चार दुपारी लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. जुना उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर दबा धरून बसलेले असू शकतात.

नवा घ्यायच्या आधी यूपीएसही बघा. कॉम्प्युटरऐवजी त्याला टेबल लॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. दिवा गेला तर बॅटरी संपलीय, आणि लाइन क्षणभर हलली की मशीन रिस्टार्ट होत असेल. खोलीतला कूलर त्याच स्विचबोर्डावर असेल तर तो आधी हलवा. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवत असाल तर तेही थांबवा. थंडावा मिळतो खरा, पण पाण्याचे तुषार आणि त्यातला क्षार सर्किटवर बसतो.

एवढं सगळं पास झालं, किंवा चूक एकाच स्लॉटपाशी अडली, तरच मदरबोर्ड. तेव्हाही सात हजारांत नवा बोर्ड देणार की जुना दुरुस्त केलेला, आणि वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून कोणी अख्खी मशीनच गळ्यात मारू पाहील. तुमचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे त्या कारणासाठी घाई नको.

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तारीख जुनीच दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. व्हायरस आहे का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : नाही हो. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, तो संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध वाटतं, म्हणून बँक दार उघडत नाही. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. प्लग काढून बदला, लिहिलेली बाजू वर ठेवा, आणि तारीख-वेळ बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन टाका.