एफडीए की बँक? आणि युनियनचं काय?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काका कर्नाटकच्या परिवहन महामंडळात वाहक आहेत. 2021 च्या संपानंतर त्यांचे फार हाल झाले. तेव्हापासून बाबांचं एकच, ‘सरकारी नोकरी धर, पण युनियनच्या फंदात पडू नकोस.’ मी एफडीए (फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट, म्हणजे कर्नाटक सरकारी कचेरीतली कारकुनी) करू की बँक क्लार्क?

उत्तर : बाबांची भीती खोटी नाही. पण काका सरकारी नोकर नाहीत, महामंडळाचे कामगार आहेत. गोम तिथेच आहे. त्यांचा पगार वेतन आयोग ठरवत नाही, साधारण दर चार वर्षांनी वाटाघाटीत ठरतो. सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार द्या, हीच तर त्या संपाची मागणी होती. 7 एप्रिलला सुरू झालेला संप दोन आठवड्यांनी मागणी पदरात न पडताच मिटला. मागे उरल्या त्या बदल्या, निलंबनं आणि बडतर्फ्या.

एफडीए झालीस तर तू खरी सरकारी नोकर. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 नेच दिलाय. संपाचा मात्र नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात ठणकावून सांगितलं. तरी गंमत बघ. 1 मार्च 2023 ला कर्नाटकातले सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी 17 टक्के अंतरिम वाढ घेऊन परतले. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, एवढं लक्षात ठेव.

बँकेची तऱ्हा तिसरीच. तिथे कर्मचारी संघटना आणि बँक व्यवस्थापनांच्या बाजूने इंडियन बँक्स असोसिएशन समोरासमोर बसून द्विपक्षीय करार करतात, 1966 पासून. बारावा करार मार्च 2024 मध्ये झाला, त्यातही वाढ 17 टक्केच! रीतसर नोटीस देऊन संप करता येतो, त्या दिवसाचा पगार जातो. तुला वाद घालायची खोड आहे, हे पत्रावरून दिसतंच. माझं मत बँकेला.

राहिली भाषा. एफडीएला कन्नडची सक्तीची परीक्षा आहे. बँक क्लार्कला ज्या राज्यातून अर्ज भरशील तिथली भाषा यावी लागते. महाराष्ट्रातून भरलास तर मराठी चालेल, पण मग नेमणूक कोल्हापूरला होईल तशी गडचिरोलीलाही. खानापूरच्या आसपास राहायचं असेल तर कन्नड आजच हाती घे.

आणि युनियनबद्दल बाबांऐवजी काकांनाच विचार. वाटाघाटीला कोण बसलं होतं, संप कुणी पुकारला आणि नंतर त्यांच्या घरी कोण आलं, हे तेच सांगतील.