मूल्यांकक निवडायचा कसा, घडवायचा कसा?

प्रश्न : मी एका सार्वजनिक संस्थेच्या मालमत्ता मूल्यांकन विभागाची प्रमुख आहे. लेखी परीक्षेत वरचे गुण मिळवलेले उमेदवार आम्ही घेतो, पण अपिलात त्यांचे अहवाल टिकत नाहीत. चूक निवडीत आहे की प्रशिक्षणात?

उत्तर : दोन्हींत, पण आधी निवडीत. लेखी परीक्षेतून सूत्रं पाठ आहेत की नाहीत, एवढंच कळतं. उमेदवारांना एखाद्या रिकाम्या इमारतीत न्या, हातात टेप आणि कोरा कागद द्या, दिसेल ते लिहायला सांगा. आम्ही घेतलेल्या अशा एका चाचणीत क्षेत्रफळ बहुतेकांचं बरोबर आलं. एका मुलीनं मात्र जिन्याखालच्या भिंतीला हात लावून पाहिला, ओल कमरेपर्यंत चढल्याचं लिहिलं आणि वरची खोली कुलूपबंद असल्यानं 'आतून पाहिली नाही' अशी नोंदही केली. मी तिचीच निवड केली. गुण तिला मध्यमच होते.

तुलनात्मक विक्री, भाडे-उत्पन्न आणि बांधकाम खर्च वजा घसारा या पद्धती वर्गात शिकवता येतात. खरा वेळ खरेदीखतं वाचण्यात जाऊ द्या. व्यवहार भावाभावांतला आहे का, विकणाऱ्याला कर्ज फेडायची घाई होती का, किमतीत फर्निचर धरलंय का, हे तपासल्याशिवाय तो दर तुलनेला घेऊच द्यायचा नाही. प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहून घ्या आणि ते मालकाला तोंडी समजावायला लावा. अपिलात तेच विचारतात. ब्रिटनमधली आरआयसीएस ही मालमत्ता सर्वेक्षक आणि मूल्यांककांची १८६८ सालची संस्था नवख्या पदवीधराकडून साधारण २४ महिने देखरेखीखाली काम करून घेते, मगच तोंडी परीक्षा घेते. इतका काळ लागतोच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विकल्या गेलेल्या मिळकतींचं तुमचं मूल्य भागिले विक्री किंमत, असं गुणोत्तर काढा. त्या गुणोत्तरांच्या साध्या सरासरीला किमतीनुसार भारित सरासरीनं, म्हणजे सगळ्या मूल्यांची बेरीज भागिले सगळ्या किमतींची बेरीज यानं, भागा. करनिर्धारकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएओ ०.९८ ते १.०३ ही मर्यादा मानते. उत्तर त्याहून वर गेलं, तर स्वस्त घरांचं मूल्य तुलनेनं चढं लागतंय आणि या मूल्यावर ठरणाऱ्या मालमत्ता कराचा भार गरिबांवर पडतोय. हा हिशेब प्रशिक्षणार्थींनाच, त्यांच्या स्वतःच्या अहवालांवर करू द्या.

आणि ज्यांच्या हाताखाली त्यांना देणार, त्या ज्येष्ठांच्या फायली आधी कमी करा. नाहीतर ते शिकवणार कधी?